बुधवारची बैठक

तेविसाव्या दिवशी दुपारी मी क्वार्टर घेतली. घेतली म्हणजे विकत घेतली. आपल्या भाषेत हे वेगळं सांगावं लागतं. सील न तोडता ती कागदात गुंडाळली, डब्याच्या पिशवीत रिकाम्या डब्याखाली ठेवली आणि कामावर परत गेले.

माझं काम पाणी तपासायचं. शहराच्या निरनिराळ्या भागांतून बाटल्या येतात आणि मी त्यातला क्लोरीन, क्षार, कठीणपणा मोजते. कठीणपणा मोजताना फ्लास्कमधलं पाणी आधी लाल असतं. वरच्या ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडत गेलं की एका थेंबाला ते निळं होतं. तो थेंब ओळखणं हेच सगळं कौशल्य. पुस्तकात त्या लाल रंगाला वाइन-रेड म्हणतात. वीस वर्षांत मी यावर एकदाही विनोद केला नाही आणि आमच्या साहेबांनी एकही आठवडा सोडला नाही. एका वाचनावर, म्हणजे एकदाच मोजून आलेल्या आकड्यावर, कुणी विश्वास ठेवत नाही. तीन घ्यायची. तीन जुळली तरच आकडा लिहायचा.

यादीलाही मी हाच नियम लावला होता. यादीत तीन पत्ते होते. दोन निरुपयोगी निघाले होते. आज संध्याकाळी तिसरा. तोही तसाच निघाला तर घरी जाऊन सील तोडायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. शांतपणे, चिडचिड न करता ठरवलं होतं, आणि त्यामुळेच मला त्याची भीती वाटत होती.

यादी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दिली होती. आठ दिवस ठेवून घेतल्यावर सोडताना त्या म्हणाल्या, "अंगातली औषधानं गेली. संध्याकाळी साडेसहा वाजता जे होतं, ते औषधानं जात नाही. तेव्हा ज्यांना तसंच होतं अशी माणसं शोधा. एकटीनं राहू नका." आणि खणातून एक कागद काढून दिला. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. अक्षरं मुंग्यांसारखी. वर लिहिलं होतं, 'व्यसनमुक्तीसाठी स्थानिक गट', खाली तीन ओळी. तारीख नव्हती. आमच्या प्रयोगशाळेत तारीख नसलेला कागद आम्ही कचऱ्यात टाकतो. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला.

मी कशी पीत होते तेही सांगून टाकते. मोजून. घरी शंभर मिलीलीटरचं काचेचं मोजपात्र होतं. त्यात साठ मिलीलीटर, डोळे द्रवाच्या पातळीला आणून, पृष्ठभागाच्या खोलगट वक्राच्या तळाशी रेघ बघून. साठ म्हणजे साठ, एकसष्ट नाही. मोजून पिणारी बाई दारुडी कशी असेल? किती वेळा मोजलं, ते मात्र मी मोजत नव्हते.

माझी थोरली बहीण दोन गल्ल्या सोडून राहते. ताईनं सगळ्या नातेवाइकांत, शेजारीपाजारी आणि माझ्या ऑफिसात सांगून ठेवलं होतं की मला थायरॉइड आहे. हात थरथरतात, थायरॉइड. वजन उतरलं, थायरॉइड. आठ दिवस दवाखान्यात, थायरॉइडच. माझा थायरॉइड उत्तम आहे. त्याचा रिपोर्ट माझ्याकडे आहे आणि तो मी ताईच्या नाकासमोर धरला होता.

"असू दे गं," ती म्हणाली. "लोकांना काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतंय."

"तुला कळून काय करायचंय? तुझ्यामुळे मला कुणाकुणाला तोंड द्यावं लागतं, ठाऊक आहे? आणि त्या असल्या गटांत बिटांत जाऊ नकोस. कुणी पाहिलं तर?"

"पिताना कुणी पाहिलं नाही, ते चाललं. सोडताना पाहिलं की बदनामी?"

"तुझ्याशी बोलणं म्हणजे डोकं फोडून घेणं," असं म्हणून तिनं फोन ठेवला. मग दहा मिनिटांनी पुन्हा केला. "जेवलीस का?"

पहिला पत्ता मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या वरचा होता. वर कुलूप. खाली ड्रायव्हिंग स्कूलचा मालक टेबलावर पाय टाकून बसला होता. मी कागद दाखवला.

"ते होय? ते गेले कधीच. वरची खोलीही आम्हीच घेतली. तुम्हाला शिकायचीय का?"

"काय?"

"गाडी हो. दारू सोडायला नाही शिकवत आम्ही. पिऊन चालवू नका, एवढंच शिकवतो." आणि स्वतःच्याच विनोदावर खुश होऊन त्यानं मला माहितीपत्रक दिलं.

दुसऱ्या पत्त्यावर गट खरोखर होता. शाळेचा वर्ग, फळ्यावर अजून कुणाची तरी गणितं, बाकांवर दहा-बारा पुरुष. दारातच एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ हात जोडून उभे होते.

"या ताई. मिस्टर मागून येतायत?"

"नाही."

"तयार होत नाहीत? होतं असं सुरुवातीला. तुम्ही असं करा, शनिवारी चारला या. घरच्यांची वेगळी बैठक असते. सगळ्या बायकाच असतात, मोकळं बोलता येतं."

"मी माझ्यासाठी आलेय."

"तेच म्हणतोय मी. तुम्हालाही आधार हवाच की."

"पिते मी."

त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले. "म्हणजे... तुम्ही स्वतः?"

"मी स्वतः. मिस्टर नाहीतच. मीच आहे."

त्यांनी मागे वळून वर्गाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मग जरा अवघड आहे. ही सगळी मंडळी पुरुष. तुमच्यासमोर त्यांना संकोच वाटेल."

"त्यांना?"

"तुम्ही शनिवारीच या. तेच बरं."

मी शनिवारी गेले, कारण मला साडेसहाची भीती वाटत होती आणि चार वाजता निदान कुठेतरी बसता आलं असतं. अकरा बायका होत्या. नवऱ्यांनी फोडलेली भांडी, नवऱ्यांनी विकलेली घड्याळं, नवऱ्यांनी रडत घेतलेल्या शपथा. शेजारच्या बाईनं माझा हात हातात घेतला. "चेहऱ्यावरनं कळतं किती सोसलंय ते. कोण आहे? नवरा की मुलगा?"

"बहीण," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. माझ्या ताईची बहीण पिते.

"बाई असून?" ती म्हणाली आणि माझा हात आणखी घट्ट धरला. "शी! कशी गं सहन करतेस तिला?"

तासभर मी तो हात सोडवून घेतला नाही. घरी येऊन उशी भिंतीवर फेकली, दोनदा, तीनदा, शिवण उसवेपर्यंत.

राहिला तिसरा पत्ता. 'बुधवार, सायं. ६.३०. संपर्क: मास्तर', आणि फोन नंबर. मंगळवारी फोन केला. उचलणाऱ्याचा आवाज मोकळा, हसरा होता.

"मास्तर का?"

"मास्तरांचाच फोन. मी टेलर बोलतोय. काय काम होतं?"

"बुधवारी बैठक असते का अजून?"

"असते की! न चुकता. साडेसहाला."

"मी आले तर चालेल? मी... बाई आहे."

जरा थांबून तो म्हणाला, "आम्हाला काय? या की. येताना काही आणू नका, इथे सगळं असतं."

सगळं म्हणजे चहा, असं मी समजले. 'आम्हाला काय? या की,' हे चार शब्द मी रात्री झोपेपर्यंत घोकत होते. तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गेले. दोन वाचनं चुकली की तिसऱ्यावर भरवसा राहत नाही.

इमारत जुनी, चार मजली. खाली कुलपांचं दुकान आणि लॉन्ड्री, वर छोटी छोटी ऑफिसं. जिन्याशी स्टुलावर वॉचमन.

"बुधवारची बैठक कुठे?" मी विचारलं.

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुम्ही बसणार?"

"हो."

"एकट्याच?"

"का? जोडीनं यावं लागतं?"

"तसं नाही. बायका कधी आल्या नाहीत." त्यानं मान हलवली, जगाचं काही खरं नाही अशी. "जा वर. गच्चीवर बसतात. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसायचे आधी, आता हवेला बसतात."

गच्चीचं दार उघडं होतं. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला प्लॅस्टिकच्या सहा खुर्च्या गोलात मांडलेल्या. मध्ये स्टूल, त्यावर मोठा थर्मास, पांढरे कप, वाटीत खारे दाणे. तीन माणसं. तो गोल बघून मला इतकं बरं वाटलं की मी कुणाला न विचारता पहिल्या रिकाम्या खुर्चीत बसले. जुळलं, मी मनात म्हटलं.

"या, या!" गळ्यातली मापाची टेप काढायला विसरलेला जाडजूड माणूस म्हणाला. "कालचा फोन तुमचाच ना? मी टेलर. हे मास्तर. हा कंपाउंडर, औषधाच्या दुकानात असतो. आम्ही नावं नाही विचारत, धंद्यावर भागवतो."

"मी पाणी तपासते."

"वा! पाणी तर लागतंच," टेलर म्हणाला आणि हसत सुटला. कंपाउंडरही जरासा हसला. तो तिशीतला, कृश, नखं कुरतडलेली. मास्तर हसले नाहीत. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, वरपर्यंत बटणं. ते माझ्याकडे बघत अर्धवट उठले. "टेलर, अरे, बाईंना आधी..."

"बसू द्या की हो मास्तर. दमून आल्यायत." आणि त्यानं थर्मासमधून कप भरून माझ्या हातात दिला.

प्रयोगशाळेत कुठलंही द्रावण थेट नाकाशी नेत नाहीत. भांडं लांब धरायचं आणि तळहातानं वाफ हळूच आपल्याकडे ओढायची. पहिल्या वर्षाला शिकवतात. हातात आलेल्या प्रत्येक कपाशी मी हेच करते, चहाशीसुद्धा. ताई यावरून मला कायम हसते. मी तळहात हलवला आणि वास आला.

चूळ भरल्यासारखं तोंडात पाणी आलं. आधी ते. राग त्यानंतर आला, हे खरं आहे म्हणून लिहिते.

मी कप स्टुलावर ठेवला. थोडं सांडलं. "यात दारू आहे."

"थोडा कोलाही आहे," टेलर म्हणाला.

"मी फोनवर विचारलं होतं, बैठक असते का."

"मग? बसलोयच की आम्ही."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तोवर नुसतं वाचून माहीत होतं. मी पर्समधून कागद काढला आणि मास्तरांच्या तोंडासमोर धरला. "हा नंबर कुणाचा?"

त्यांनी चष्मा लावला, गरज नसताना. "माझा."

"आणि पत्ता?"

"इथलाच. खालची खोली."

"आणि हा गट?"

"होता," मास्तर म्हणाले. "अकरा जण होतो. सहा वर्षं. मग कमी होत गेले. शेवटी आम्ही तिघं उरलो. मी, टेलर आणि एक इलेक्ट्रिशियन. तो हार्टनं गेला. त्याला पोचवून आलो त्या दिवशी खोलीत बसवेना. म्हणून वर आलो. एकच दिवस म्हणून."

"कधी?"

"दोन वर्षं होतील."

"दोन वर्षं! आणि यादीतून नंबर काढायला सांगितलं नाहीत?"

"राहून गेलं."

"राहून गेलं," मी म्हटलं. "लाईटचं बिल राहून जातं. किती फोन आले या नंबरावर, दोन वर्षांत?"

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं.

"असतील सात-आठ," टेलर म्हणाला. त्याचं हसू आता नुसतं चेहऱ्यावर राहून गेलं होतं.

"काय सांगितलंत त्यांना?"

"काय सांगणार? या म्हटलं. माणूस एवढ्या आशेनं फोन करतो, त्याला नाही कसं म्हणायचं?"

"आले कुणी?"

"दोघं आले. एक शिव्या घालून गेला."

"आणि दुसरा?"

टेलरनं दाण्यांची वाटी उगाच सरकवली. मास्तर जमिनीकडे बघत होते. मग कंपाउंडरनं शाळेतल्यासारखा हात वर केला. अर्धाच, खांद्यापर्यंत.

"मी यादीवरनंच आलो," तो म्हणाला. "मागल्या वर्षी. एकोणचाळीस दिवस झाले होते तेव्हा."

एकोणचाळीस. माझ्यापेक्षा सोळा जास्त.

"तुला कप कुणी दिला?"

त्यानं टेलरकडे पाहिलं आणि टेलरनं मान वर केली नाही.

"तुम्ही पिता त्याबद्दल मला तोंड उघडायचा हक्क नाही," मी म्हटलं. "मी मोजपात्रात ओतून प्यायचे. पण हा कागद दवाखान्यात देतात! जे कसेबसे उभे राहिलेत त्यांच्या हातात देतात. 'आता नसते.' दोन शब्द. दोन शब्द बोलून फोन ठेवता आला नाही तुम्हाला?"

"फोन टेलर उचलतो," मास्तर म्हणाले. "मी नाही उचलत."

"छान. म्हणजे तुमचे हात स्वच्छ."

"बाई, तुम्ही आवाज चढवू नका हं," टेलर म्हणाला. "आम्ही कुणाला बळजबरीनं पाजली नाही. ज्याला नको असेल त्यानं..."

"मला हवी आहे!" मी ओरडले. "मूर्ख माणसा, मला हवी आहे म्हणून तर मी इथे आलेय!"

मी डब्याची पिशवी उघडली, डबा बाजूला केला आणि बाटली कागदासकट स्टुलावर आपटली. फुटली नाही. "ही माझी वर्गणी. सील आहे. एकशे ऐंशी मिलीलीटर. न मोजता प्या."

मी असं का केलं ते मला नीट सांगता येत नाही. मला त्यांना दुखवायचं होतं आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

"खालच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे?"

मास्तरांनी शर्टाच्या खिशात हात घातला. किल्ली तिथेच होती, पेनाशेजारी. दोन वर्षं हा माणूस ती रोज शर्टाच्या खिशात घालत होता. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मी किल्ली घेतली आणि जिना उतरले.

खोलीचं कुलूप जड गेलं. आत कोंदट वास. दिवा लागला, एकच ट्यूबलाइट, मिनिटभर फडफडून. भिंतीशी घडीच्या पाच खुर्च्या, मध्ये टेबल, कोपऱ्यात धुळीनं भरलेलं बेसिन. भिंतीवर पुठ्ठ्यावर रंगवलेले नियम, अक्षर शिक्षकी, गोल गोल. पहिला: वेळेवर यावे. दुसरा: इथले इथेच ठेवावे. तिसरा: आज घेतली असेल त्यानेही यावे. बसावे. बोलू नये.

मी दोन खुर्च्या उघडल्या. एकीवर बसले. पावणेसात झाले होते.

रागाचं एक बरं असतं, तो असतो तोवर तहान लागत नाही. पण तो स्पिरिटसारखा उडून जातो आणि भांडं गार करून ठेवतो. सात वाजेपर्यंत माझा राग उडाला. मग मला फक्त एवढंच दिसत होतं की एक मजला वर, वीस पायऱ्यांवर, माझी बाटली आहे. परत मागितली तर ते देतील. हसतील, पण देतील. ताईला फोन करावा म्हणून मी तो हातात घेतला आणि काय म्हणणार ते सुचेना. थायरॉइड वाढलाय?

जिन्यावर पावलं वाजली. कंपाउंडर दारात उभा होता. एका हातानं चौकट धरली होती, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेली बाटली.

"त्यांनी उघडली नाही," तो म्हणाला. "टेलर उघडत होता. मास्तरांनी काढून घेतली. म्हणाले, बाईंची बाईंना देऊन ये."

"मला?" मी म्हटलं. "मला परत? अक्कल गहाण टाकलीय का तुम्ही सगळ्यांनी?"

त्यानं बाटली टेबलावर ठेवली आणि तो जाईना. त्याच्या अंगाला वास येत होता. मी भिंतीकडे बोट केलं. "नियम तीन वाच."

त्यानं वाचला. सावकाश, ओठ हलवत.

"बस," मी म्हटलं. "बोलायचं नाही."

तो बसला. मग बोलणं माझ्यावरच आलं. तेवीस दिवसांत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं आणि आता सांगत होते ते एका प्यायलेल्या, न बोलणाऱ्या अनोळखी माणसाला. मी त्याला मोजपात्राबद्दल सांगितलं. ब्युरेट धरताना हात थरथरायचा म्हणून मी कामावर जाण्याआधी तीस घ्यायचे, हात स्थिर व्हावा म्हणून. आणि स्थिर हातानं मी एका वस्तीच्या पाण्याचा आकडा चुकीचा लिहिला. दुसऱ्यांदा तपासलं म्हणून सापडलं. नसतं सापडलं तर? त्याच रात्री मी स्वतः दवाखान्यात गेले. ताईनं नेलं नाही, कुणी नेलं नाही. हे मी रागानंच सांगितलं, टेबलावर हात आपटत. तो ऐकत होता. बाटली आमच्या दोघांच्या मध्ये होती आणि आम्ही दोघंही आळीपाळीनं तिच्याकडे बघत होतो.

"ही इथे राहिली तर दोघांपैकी एकजण ती पिणार," मी म्हटलं. "माझा अंदाज आहे, मी."

मी उठले, सील तोडलं आणि बाटली बेसिनमध्ये उलटी धरली. आयुष्यात पहिल्यांदा न मोजता ओतली. सगळी संपली. आणि खाली गेलीच नाही. पांढऱ्या बेसिनच्या तळाशी, धुळीच्या सायीखाली, ती तशीच साचून राहिली, लालसर, माझ्या फ्लास्कमधल्या पाण्यासारखी.

कंपाउंडर माझ्या खांद्यामागून वाकून बघत होता. तेवढ्यासाठी त्यानं नियम मोडला.

"तुंबलंय," तो म्हणाला.

मला हसू आलं नाही. मला वाटलं होतं की ओतलं की संपलं, आणि ती तिथे ओंजळीनं पिता येईल इतकी शाबूत होती. वास सगळ्या खोलीभर. मी नियमांचा पुठ्ठा उतरवून त्याची मागची तार सोडवली, सरळ केली, टोकाला आकडा वळवला. कामावर आठवड्यातून एकदा तरी कुठलंतरी सिंक तुंबतं, मला हे येतं. बाही वर केली आणि बोटं त्या दारूत बुडवून तार आत घुसवली. केस, माती, सुतळी, काय काय निघालं. "पाणी आण," मी म्हटलं. नळ फिरवून बघितला होता, तो कोरडा होता.

कंपाउंडर धावत गेला, पण पाणी घेऊन आले ते मास्तर; तो त्यांच्या मागे होता. बादली दोन्ही हातांनी धरून, पॅन्टवर सांडत, धापा टाकत दारात उभे. आत येईनात.

"खाली वॉचमनकडून आणलं," ते म्हणाले. "मी येऊ का आत? मी घेतलीय."

"त्या पुठ्ठ्यावर तुमचंच अक्षर आहे ना?"

ते आत आले. बादली ओतली. बेसिन काठोकाठ भरलं, थोडा वेळ काहीच झालं नाही. मी तार फिरवत राहिले, दात आवळून, शिव्या देत. ज्या शिव्या मला येतात हे मलाही माहीत नव्हतं त्या. मग खालून एक मोठा ढेकर आला आणि सगळं गरगरत गेलं. वर गच्चीवर टेलर कुणाशी तरी फोनवर मोठ्यानं हसत होता.

उरलेल्या पाण्यानं मी हात धुतले. वास गेला नाही.

साडेसात वाजले होते. मी यादीचा कागद टेबलावर पसरला आणि मास्तरांच्या शर्टाच्या खिशातलं पेन काढून घेतलं. आमच्याकडे चूक खोडत नाहीत, पांढरा रंग लावत नाहीत. एक आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता यावं, बाजूला बरोबर आकडा लिहायचा, तारीख घालायची आणि सही करायची. मी मास्तरांच्या नंबरावर रेघ मारली. शेजारी माझा लिहिला. उद्या डॉक्टरीणबाईंकडे हा कागद न्यायचा होता आणि त्यांच्याशीही भांडायचं होतं.

"सही कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"चूक कुणी दुरुस्त केली ते कळावं म्हणून. आणि पुन्हा चुकली तर कुणाला धरायचं तेही." मी किल्ली पर्समध्ये टाकली. "बुधवारी साडेसहाला. त्या खुर्च्या गच्चीवरून खाली आणा. आणि प्लंबरलाही तेव्हाच बोलवा, तार काही कायमचा उपाय नाही."

"घेतली असेल तर?" कंपाउंडर म्हणाला.

"वाचता येतं ना तुला?"

खाली वॉचमन स्टुलावरून उठला. माझी ओली बाही बघितली, हवा हुंगली आणि मान हलवली, तशीच.

"झालं का बसून?"

"झालं," मी म्हटलं. "पुढच्या बुधवारी कुणी विचारलं तर तिसरा मजला सांगायचा. गच्ची सांगितलीत तर माझ्याशी गाठ आहे."